लेव्हल १९.४, मग ४.३

ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. ही आमच्याकडची लहान आतड्याच्या प्रत्यारोपणाची केस. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकड्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण जे चुकलं ते त्या क्रमातच चुकलं.

रुग्णाचं वय ३६. वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला, राहायला लोकमान्य नगरात. पोटात कळ आली ती दोन दिवस ॲसिडिटी म्हणून अंगावर काढली. पोट उघडलं तेव्हा आतड्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी अडकलेली होती आणि बहुतेक लहान आतडं काळं पडलेलं होतं. सडलेलं सगळं काढावं लागलं. मागे राहिलं २५ सेंटिमीटर लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा डावा भाग. प्रौढ माणसाचं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास असतं. ते दोन मीटरच्या खाली गेलं की अन्न अंगी लागायची पंचाईत सुरू होते, आणि २५ सेंटिमीटरवर तर तोंडाने खाऊन जगणं शक्यच नसतं.

पुढचे कित्येक महिने टीपीएनवर, म्हणजे शिरेतून दिलेल्या अन्नावर गेले. छातीतल्या मोठ्या शिरेत कायमची नळी आणि रोज रात्री बारा तास चालणारी पांढरी पिशवी. साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, क्षार, सगळं थेट रक्तात. ती पिशवी काही हजारांची, तीही रोजची. पण खर्चापेक्षा नळी जास्त छळते. दोनदा नळीतून जंतू रक्तात गेले, त्यातल्या एका वेळी आठवडाभर आयसीयू झाला. मानेतली उजवी शीर गुठळीने बंद पडली. बिलिरुबिन ३ वर गेलं, म्हणजे यकृतही कुरकुरायला लागलं. नळी टाकायला शिरा उरल्या नाहीत आणि यकृत गेलं, तर आतड्याबरोबर यकृतही बदलावं लागतं. तिथवर जाण्याआधी नुसतं लहान आतडं बसवायचं ठरलं आणि विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत त्यांचं नाव गेलं.

मे महिन्यात नवी मुंबईतल्या एका मेंदूमृत दात्याच्या घरच्यांनी संमती दिली. रक्तगट जुळला, क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती. बर्फात ठेवलेलं आतडं सहा तासांच्या आत पुन्हा रक्ताला जोडावं असा आमचा दंडक आहे. मूत्रपिंड थंडीत कितीतरी जास्त वेळ तग धरतं, आतड्याचं अस्तर तितकं सोशिक नाही. ग्रीन कॉरिडॉर मिळाला म्हणून एरवी तासाहून जास्त घेणारा रस्ता २९ मिनिटांत कापला. एकूण थंड वेळ ५ तास १० मिनिटं. हा आकडा इथे सांगायचं कारण, रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणं, ते रोखण्याचं काम गोळीपासून सुरू होत नाही. थंडीत जास्त वेळ राहिलेलं आतडं रक्त लागताच सुजतं, आणि ती सूज रुग्णाच्या लिम्फोसाइट पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आयतं आमंत्रण असते.

आतडं हा मुळातच भांडखोर अवयव. मूत्रपिंड बसवलं तर एक मूत्रपिंड येतं. आतड्याबरोबर दात्याची फौज येते, कारण आतड्याच्या भिंतीत आणि त्याच्या पडद्यातल्या गाठींमध्ये लिम्फोसाइट पेशी ठासून भरलेल्या असतात. त्यामुळे भांडण दोन्ही बाजूंनी लागतं. कधी रुग्णाचं शरीर आतड्यावर उठतं, तर कधी आतड्यातून आलेल्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर आणि रक्तमज्जेवर उठतात. शिवाय हा अवयव आतून जंतूंनी भरलेला. रिजेक्शनमध्ये अस्तर सोललं गेलं की तेच जंतू रक्तात शिरतात, आणि नेमकी तेव्हा प्रतिकारशक्ती आपण औषधांनी दाबून ठेवलेली असते. दुष्काळात तेरावा महिना. पहिल्या वर्षात साधारण तीनातल्या एका रुग्णाला, काही ठिकाणी त्याहून जास्त जणांना, रिजेक्शनचा एक तरी झटका येतो.

म्हणून औषधंही तशीच तगडी. सुरुवातीला सशाच्या शरीरात तयार केलेली थायमोग्लोब्युलिन ही प्रतिपिंडं दिली. ती रुग्णाच्या टी-पेशींची, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराची, संख्याच खाली आणतात. मग रोजचा मुख्य आधार टॅक्रोलिमस, वॉर्डातल्या भाषेत टॅक्रो, आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. टॅक्रोचा शोध १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या एका जिवाणूत लागला. त्याआधी सायक्लोस्पोरिन या जुन्या औषधाच्या जिवावर आतडी बसवून पाहिली होती, पण त्यातली बहुतेक टिकली नाहीत. टी-पेशीला परकं काही दिसलं की ती इंटरल्युकिन-२ नावाचा निरोप सोडून बाकीच्यांना गोळा करते. टॅक्रो तो निरोपच तयार होऊ देत नाही.

पहिले तीन महिने रक्तातली टॅक्रोची लेव्हल १२ ते १५ ठेवायची, मग १० ते १२. नमुना सकाळच्या गोळीआधी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. 'गोळी खिशात घेऊन या, रक्त दिल्यावर घ्या' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलते याची गणती नाही. कारण घरून गोळी घेऊन आलेल्या माणसाची लेव्हल फुगलेली येते, आणि तिच्यावर विसंबून डोस कमी केला तर संपलंच.

आता या अवयवाची सगळ्यात मोठी अडचण. मूत्रपिंडाच्या रिजेक्शनची चाहूल क्रिएटिनिन देतं, यकृताची एसजीपीटी देतं. आतड्यासाठी असा भरवशाचा एकही रक्ताचा आकडा नाही. रक्तातलं सिट्रुलिन नावाचं अमिनो आम्ल मोजता येतं, पण ते फक्त अस्तराच्या पेशी घटल्याचं सांगतं, का घटल्या ते सांगत नाही. म्हणून नव्या आतड्याचं शेवटचं टोक पोटावर बाहेर काढून ठेवतात, तोच स्टोमा. त्यातून दुर्बीण आत घालून अस्तराचे तुकडे घ्यायचे. आमच्याकडे पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एकदा, मग पंधरवड्याने. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या तळाशी असलेल्या क्रिप्ट नावाच्या खोलग्या बघतात आणि त्यात स्वतःहून मरून पडलेल्या पेशींचे ठिपके मोजतात. सलग १० क्रिप्टमध्ये असे ६ किंवा जास्त ठिपके दिसले की रिजेक्शन.

बायोप्सी झाली अधूनमधून. रोजची राखण घरच्यांची. या रुग्णाच्या बायकोने, मी त्यांना वहिनी म्हणते, त्यासाठी शंभर पानी वही घातली होती. पेन्सिलीने आखलेले चार रकाने: वेळ, मिली, रंग, शेरा. पिशवी आणि खुणा केलेला प्लास्टिकचा मग आम्ही दिला होता, रंगांचे शब्द मात्र वहिनींचे स्वतःचे. 'वरणासारखं', 'पातळ वरण', 'ताकासारखं'. आमच्या फॉर्मवर 'घट्ट / मध्यम / पातळ' असे तीन चौकोन आहेत. त्यापेक्षा ही वही सरस होती.

पहिले ११० दिवस जवळपास सुरळीत गेले. टीपीएन सुटलं, नळी निघाली, वजन ४४ वरून ५३ किलो झालं. टॅक्रो सकाळ-संध्याकाळ ५ मिलिग्रॅम, लेव्हल ११.६, स्टोमातून दिवसाला ९०० मिलीच्या आसपास.

दिवस ११२. सप्टेंबर, पाऊस लांबलेला. रात्री अकराला वहिनींचा फोन. मुलाला कालपासून उलट्या, शेजारच्या दोन घरांतही तेच, आणि आज यांची पिशवी दर तासाला भरतेय. रात्रीच दाखल केलं. चोवीस तासांत २,६०० मिली. सकाळी लेव्हल आली १९.४, क्रिएटिनिन १.० वरून १.७.

राउंडला एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "टॅक्रो एवढी वर आहे म्हणजे रिजेक्शन तर नाही." ऐकायला अगदी बरोबर वाटणारं हे वाक्य आतड्याच्या बाबतीत धोक्याचं आहे. पोटात गेलेली टॅक्रो सगळी रक्तात पोहोचत नाही, सरासरी पाव हिस्साच पोहोचतो. बराचसा भाग आतड्याच्या अस्तरातली एन्झाइम्स मोडून टाकतात, आणि तिथलाच एक प्रथिनाचा पंप उरलेलं औषध परत आतड्यात ढकलतो. अस्तर हे चोख जकात नाकं आहे. जुलाबात अस्तर खरवडलं गेलं की नाक्यावर माणसंच राहत नाहीत आणि औषध बिनदिक्कत आत जातं. जुलाबात गोळी वाहून जाईल आणि लेव्हल पडेल असं कुणालाही वाटेल. टॅक्रोचं उलटं होतं, लेव्हल चढते. आणि अस्तर नोरोव्हायरसने, म्हणजे जुलाब-उलट्यांच्या विषाणूने, खरवडलं की रिजेक्शनने, हे नाक्याला कळत नाही. दोन्हीत लेव्हल वरच दिसू शकते. ज्या अवयवाला वाचवायचं, औषधाची वाट त्याच अवयवातून जाते. मूत्रपिंड किंवा हृदय प्रत्यारोपणात हा पेच नसतो.

म्हणून लेव्हलवर न विसंबता त्याच दिवशी बायोप्सी केली. १० क्रिप्टमध्ये २-३ ठिपके, अस्तराची टोकं थोडी बुटकी. शौचाच्या पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या चाचणीत, नोरोव्हायरस सापडला. प्रतिकारशक्ती दबली की उसळणारा सायटोमेगालोव्हायरस नाही. म्हणजे गॅस्ट्रो. एक डोस गाळला आणि पुढे ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम सुरू केलं, कारण १९ ची लेव्हल मूत्रपिंड खाते. सलाइन चालू ठेवलं. इथपर्यंतचं सगळं मी आजही तसंच करायला सांगेन.

दिवस ११६. पिशवी ११०० मिलीवर आली, क्रिएटिनिन १.२, लेव्हल १२.८. लक्ष्य १० ते १२, म्हणजे जवळपास मनासारखी. डिस्चार्ज दिला.

फसलो ते इथे. १२.८ हा आकडा ठरल्या जागी उभा नव्हता, तो जिन्यावरून खाली उतरत होता. डोस निम्मा होता. अस्तर भरून येत होतं, म्हणजे नाक्यावर माणसं परत कामावर येत होती. आजारी अस्तरासाठी बेतलेला डोस बऱ्या अस्तराला पुरणार नव्हता. डिस्चार्ज कार्डावर 'टॅक्रो २.५ मिलिग्रॅम दोन वेळा' एवढंच होतं. तो का कमी केला आणि पुन्हा कधी वाढवायचा, याची एक ओळही नव्हती.

पुढची लेव्हल दोन दिवसांनी, ११८ व्या दिवशी करायची. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. रुग्ण म्हणाले, "मॅडम, घरी दीड दिवसाचा बाप्पा असतो. गेल्या वर्षी मी आयसीयूत होतो. विसर्जन झालं की येतो." ओपीडीला सुट्टी, आम्हीही निम्मे लोक. १२० वा दिवस रविवार. मी रजिस्टरमध्ये १२१ लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, मीच लिहिलं. दोनाचे पाच दिवस झाले.

दिवस १२१ ला ते रक्त देऊन गेले. तब्येत बरी, पिशवी १४०० मिली, 'सणाचं थोडं जास्त खाल्लं' असं स्पष्टीकरण. संध्याकाळी रिपोर्ट आला: ४.३. त्यांना बोलवायला फोन उचलला तेवढ्यात वहिनींचाच फोन आला.

"मॅडम, पाणी वाढलंय. पण मागच्यासारखं नाही. मागच्या वेळी स्टोमा लालभडक होता. आज फिका पडलाय, दमल्यासारखा दिसतोय. पुसलं की रक्त लागतंय."

बरा असलेला स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो, ओला आणि गुलाबी. वहिनींनी व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला, पण ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सगळंच निळसर. त्यांचं बोलणं जास्त उपयोगी पडलं. वहीत त्या दिवसाच्या रंगाच्या रकान्यात होतं: 'तांदळाच्या धुवणासारखं, आत लाल दोरे'.

१२२ च्या सकाळी बायोप्सी. १० क्रिप्टमध्ये ९ ठिपके, दोन जागी क्रिप्टच नाहीशा. आणि पीसीआरमध्ये नोरोव्हायरस अजून तिथेच.

या केसमधला खरा पेच हा. व्हायरस असेल तर प्रतिकारशक्तीची लगाम सैल करायची, रिजेक्शन असेल तर आवळायची. उपचार एकमेकांच्या विरुद्ध, आणि चुकीची बाजू धरली तर आतडं किंवा माणूस जातो. वर नोरोव्हायरसमुळेही क्रिप्टमधले ठिपके थोडे वाढतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर हवाला ठेवता येत नाही. सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि पोटविकारांचे डॉक्टर अर्धा तास एकाच स्क्रीनसमोर बसले होते. शेवटी निर्णय आकड्यांच्या क्रमावर झाला. जुलाब एकदा ओसरून पुन्हा वाढले. ठिपके व्हायरस जोरात असताना २-३ होते आणि तो ओसरताना ९ झाले. मधल्या काळात लेव्हल कोसळली होती. शिवाय प्रत्यारोपणानंतर दाबलेल्या प्रतिकारशक्तीत नोरोव्हायरस शौचात आठवडेच काय, महिनेही दिसत राहतो. तो सापडला म्हणजे गुन्हेगार तोच असं नाही.

मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम शिरेतून तीन दिवस. टॅक्रो पुन्हा वर, लेव्हल १२ ते १५. सोबत अँटिबायोटिक, आणि सायटोमेगालोव्हायरसचा पीसीआर दर आठवड्याला, कारण स्टेरॉइडच्या माऱ्यानंतर तो डोकं वर काढायला टपलेला असतो. स्टेरॉइडने भागलं नसतं तर पुढची पायरी पुन्हा थायमोग्लोब्युलिन. दात्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात तयार झालीत का तेही तपासलं. नव्हती, आणि त्या रिपोर्टने सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला, कारण प्रतिपिंडांचं रिजेक्शन आवरणं याहून कितीतरी कठीण. १२५ पासून पिशवी उतरू लागली. १२९ ला ठिपके ४, १३६ ला १. क्रिएटिनिन मात्र १.० वर परत आलं नाही, १.३ वर थांबलं.

दाखल असताना सगळी चौकशी पुन्हा केली. केमिस्टने ब्रँड बदलला का? नाही. टॅक्रोचा ब्रँड बदलला की लेव्हल हलू शकते, म्हणून हा प्रश्न नेहमीचा. दुसरा प्रश्न खास गणपतीतला: पपनस खाल्लं का? ग्रेपफ्रूटसारखंच पपनसही आतड्यातल्या त्या एन्झाइम्सना अडवतं आणि लेव्हल चढवतं. रुग्ण पहिल्यांदाच हसले. "ते बाप्पापुढे होतं मॅडम. मी हात नाही लावला."

तिसरी गोष्ट वहिनींनी चाचरत सांगितली. गॅस्ट्रोनंतर अशक्तपणा आला म्हणून शेजारच्या काकूंनी दोन दिवस गुळवेलीचा काढा आणून दिला होता, 'प्रतिकारशक्ती वाढते' म्हणून. काढ्याने रिजेक्शन झालं असं मी म्हणणार नाही, ४.३ च्या लेव्हलला दुसऱ्या कारणाची गरज नव्हती. पण काकूंचा तरी काय दोष? आपल्या बोलण्यात 'प्रतिकारशक्ती' हा शब्द नेहमी 'वाढवणे' याच क्रियापदाबरोबर येतो. ती मुद्दाम खाली ठेवायची असते हे चाळीतल्या कुणाला कोण सांगणार? आता डिस्चार्जच्या वेळी एक कागद शेजाऱ्यांसाठीही देतो. त्यावर काढे, गुळवेल, उघड्यावरची कापलेली फळं आणि आजारी असताना भेटायला येणं, या चारच गोष्टी आहेत.

बाकी बदल कामकाजातले. जुलाबात टॅक्रो कमी केलं की जुलाब थांबल्यानंतरही दिवसाआड लेव्हल, एकाच डोसवर लागोपाठ दोन आकडे सारखे येईपर्यंत. डोस बदलाच्या चिठ्ठीवर 'का' आणि 'पुन्हा कधी बघायचं' हे दोन रकाने भरल्याशिवाय फार्मसी ती घेत नाही. आणि माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर चतुर्थी, दिवाळी, होळी यांच्याभोवती लाल चौकोन आहेत. त्या दिवशी घरी जाऊन रक्त घेणारा माणूस आधीच ठरवलेला असतो. बाप्पाची पूजा सकाळी नऊला, रक्त साडेआठला.

सहाव्या महिन्यात मूत्रपिंडांवरचा भार कमी करायला एव्हरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडलं आणि टॅक्रोची लेव्हल ६ ते ८ वर आणली. जखमा भरण्याआधी ते देता येत नाही, म्हणून इतका उशीर. अकराव्या महिन्यात, लागोपाठच्या बायोप्सी स्वच्छ आल्यावर, स्टोमा बंद करून आतडं आत जोडलं.

त्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वहिनी वही घेऊन आल्या. तिसरी वही होती ती. त्यांना एकच विचारायचं होतं, "आता बघायचं कुठून?"

मी सांगितलं: दिवसातून किती वेळा जावं लागतं, आठवड्याचं वजन, महिन्याला शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज दाखवणारी), आणि शंका आलीच तर खालून दुर्बीण मोठ्या आतड्यातून वर नव्या आतड्यापर्यंत. त्यांनी तिथेच बसून वहीचं नवं पान काढलं, पेन्सिलीने रकाने आखले. 'मिली' गेलं, त्या जागी 'वजन' आलं. 'रंग' हा रकाना मात्र त्यांनी तसाच ठेवला.